गणपतीच्या देखाव्यातली विनाशिका

सिडनीच्या कॅसल हिल उपनगरात मुलीकडे मी आले होते तीन महिन्यांसाठी. कोविडमुळे सीमा बंद झाल्या आणि तिथला दुसरा हिवाळाही मी तिच्याच घरात काढला. मी मुळात अबोल, आणि जावई माझ्याहून अबोल. दिवसभर ते खोलीत बसून कंपनीचे सॉफ्टवेअर लिहीत; जेवताना "आणखी थोडं घ्या" एवढेच आम्ही एकमेकांना म्हणत असू. पाहुणी म्हणून राहणे मला जड होत चालले होते. त्या घरातली एक व्हावे, एवढीच इच्छा होती, आणि ती कोणाला बोलून दाखवण्यासारखी नव्हती.

त्या वर्षी गणपतीचा देखावा जावयांनी मनावर घेतला. पहिल्या महायुद्धातली एक ऑस्ट्रेलियन विनाशिका त्यांना पुठ्ठ्यात उभी करायची होती. तिच्या डेकवर गणपती बसणार होते. शनिवार-रविवार ते पुठ्ठे कापत आणि कापता कापता माझ्याशी चक्क बोलत. स्कॉटलंडमध्ये बांधून, मग भाग सुटे करून ही बोट सिडनीला आणली होती, आणि इथल्या कामगारांना जहाजबांधणीची विद्या यावी म्हणून इथे नव्याने जोडली होती. सारी रचना वेगासाठी: पातळ पत्रा, तीन धुराडी, लांबीच्या जेमतेम एक दशांश रुंदी. त्या चिंचोळ्या बोटीने पॅसिफिकमध्ये गस्त घातली, मग एड्रियाटिक समुद्रात पाणबुड्यांचा माग काढला, आणि युद्ध संपल्यावर ती घरी परतली.

"लाटा सरळ डेकवर यायच्या, आई. माणसांची अंथरुणंसुद्धा ओली."

प्रमाण त्यांनी काटेकोर राखले होते. त्यामुळे डायनिंग टेबलाएवढ्या लांब बोटीची रुंदी वीतभरही भरत नव्हती. मूर्ती तिच्यावर मावणार नाही, हे मला पहिल्याच रविवारी दिसले. पण जावयाच्या कामात खोट कशी काढायची? मी मुकाट्याने डिंक लावत राहिले.

चतुर्थीच्या आदल्या दुपारी वेंटवर्थव्हिलच्या दुकानदाराने मूर्ती दारात आणून ठेवली. ती डेकवर बसेना.

"आई, जन्मभर पॉलिटेक्निकच्या पोरांची ड्रॉइंग्ज तपासलीस," मुलगी म्हणाली. "तुला हे दिसलं नाही?"

"दिसलं होतं."

"मग?"

"जावयांना कसं सांगायचं?"

"अगं, टेस्टर लोक रोज चुका काढतात त्याच्या. पगार घेऊन काढतात."

जावई हसले नाहीत. "रुंद करतो," ते म्हणाले. "विनाशिका राहणार नाही, मालवाहू पडाव होईल. पण करतो."

"नको," मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "ती जोडली जात असतानाची दाखवा. गणपती गोदीत, पुढ्यात बोटीचे भाग. मात्र ही कापावी लागेल. दुसऱ्या धुराड्याच्या मागे."

कित्येक आठवड्यांचे काम होते त्यांचे. मला माझे शब्द परत घ्यावेसे वाटू लागले. मग त्यांनी पट्टी माझ्यापुढे सरकवली.

"रेघ तुम्ही आखा, आई. माझी वाकडी जाते."

दुसऱ्या दिवशी ऑनलाइन आरतीला ओळखीच्या साऱ्या मराठी घरांनी आपापले देखावे दाखवले. आमचा पाहून कोणीतरी विचारले, "डिझाइन कोणाचं?"

"सासूबाईंचं," जावई म्हणाले. "चुकाही त्याच काढतात."

मी पडद्याच्या कडेला सरकत होते, तशीच थांबले.

"पुढचं धुराडं डावीकडे कललंय," मी म्हणाले. "आरती झाली की उपटून परत लावा."