सोमवारचा कौल

सावंतवाडीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "हा खालच्या जागेचा हर्पिस आहे. गोळ्यांनी फोड सुकतील, पण रोग अंगात राहतो, पुन्हा उठू शकतो. संबंधातून लागतो. नवऱ्यालाही घेऊन या." नवऱ्याशिवाय मला कोणी शिवलेलं नाही, तरी मान खाली घालून बाहेर आले ती मीच.

घरी मी कुणाला काही बोलले नाही. पण मला चालताना त्रास होतो, हे सासूबाईंनी पाहिलं होतं. दुपारी जेवताना त्या म्हणाल्या, "चार दिस कुंथतस गो, आणि सांगणस नाय. सोमवारी देवाक कौल लावया." आमच्या देवळात कौल लावून देवाला विचारताना काय दुखतं ते गुरवाला सगळ्या गावासमोर सांगावं लागतं.

नवऱ्याने होडीसुद्धा देवाचा कौल घेऊनच विकत घेतली होती. तोच आज ताटावरून वर न बघता म्हणाला, "आये, कौल नको."

"कित्याक रे?"

तो अर्धं ताट टाकून उठला. मला काय होतंय, हे त्याने अजून एकदाही विचारलेलं नाही.

सासूबाईंनी सोमवारसाठी नारळ सोलून ठेवला आहे.