दुय्यम केंद्रक

फॉर्मलिनमध्ये बुडवून ठेवलेल्या वनस्पतींचा रंग काही वर्षांत उडतो. त्यांच्याभोवती घडलेले किस्से मात्र कशातही न बुडवता टिकतात. औरंगाबादेतल्या आमच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात असे किस्से बरण्यांहून अधिक साठले होते.

विभागप्रमुखांचा, म्हणजे आमच्या सरांचा, दंडक एकच: जर्नलमधली आकृती भिंतीवरच्या तक्त्याशी जुळली पाहिजे. तक्ता निजामाच्या काळातला, कांद्याच्या पेशीचा. पोलिस अ‍ॅक्शननंतर त्यावरची उर्दू नावे जाऊन मराठी आली, एवढाच फरक. सूक्ष्मदर्शकही होते, सरांच्या मते ते प्रयोगशाळेला शोभा आणत.

*

अंधारात ठेवलेल्या पानातले पिष्ट संपते, हा दरवर्षीचा प्रयोग होता. परिचर गफूरचाचा अंधाऱ्या कपाटातली कुंडी रोज दुपारी व्हरांड्यात नेत. आयोडीन पडताच पान निळेकाळे झाले, म्हणजे पिष्ट शाबूत.

"उदास दिखरा था साब," चाचा म्हणाले, "थोडी धूप खिलाया."

सर मुलांकडे वळले. "लिहा, पान पिवळट राहिले."

मुलांनी लिहिले.

*

एकदा सरांच्याच बशीतला चहा तक्त्यावर उडाला. केंद्रकाशेजारी तपकिरी ठिपका उमटला. पुढच्या वर्षी एका मुलाने विचारले, "सर, हे काय?"

सरांनी ठिपक्यावर बोट ठेवले. "दुय्यम केंद्रक."

एकदा नाव मिळाले की वस्तूला पुरावा लागत नाही. चहा उडताना मी पाहिला होता. पण माझी अध्यापकाची नोकरी तेव्हा कच्ची होती. ती पक्की झाली, तोवर ठिपकाही पक्का झाला होता.

*

बऱ्याच वर्षांनी फुलंब्रीची सुमित्रा आली. नापास झालीस तर शिक्षण बंद आणि लग्न, असे वडिलांनी तिला बजावले होते. तिच्या आकृतीत ठिपका नव्हता.

"स्लाइडमधी नाय दिसलं, सर."

"तुला दिसत नाही, हा पेशीचा दोष नव्हे. परीक्षेत असेच केलेस तर नापास होशील."

चाचांनी तिला बाजूला घेतले. "बेटी, एक ठिपका डाल दे. क्या जाता?"

"मंग उद्या पान पिवळं बी लिव्हायचं का, चाचा?"

*

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. ते आमच्याच विभागाचे जुने विद्यार्थी. त्यांनी सुमित्रेचा कागद पाहिला. "दुय्यम केंद्रक कुठंय?"

तिने सूक्ष्मदर्शक त्यांच्यापुढे सरकवला. "तुमीच बघा, सर."

त्यांनी पाहिले. चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. मग हळूच म्हणाले, "मी दहा वर्षं हे शिकवतोय."

सुमित्रा पहिली आली.

*

सरांनी दोष तक्त्यावर ठेवला: तो जीर्ण झाला आहे, हुबेहूब नवा करून घ्यावा. छावणीतला पेंटर आला. जुन्या तक्त्याजवळ नाक नेऊन त्याने बराच वेळ निरखले.

"साब, ये चाय का दाग भी बनाना क्या?"

सर म्हणाले, "त्यापासूनच सुरुवात करा."