तेरा जणांचा खेळ आणि आमचे साडू

आमच्या साडूंइतका सरळ माणूस अलिबागपासून हरिहरेश्वरापर्यंत शोधून सापडणार नाही, आणि त्यांच्याविरुद्ध निनावी अर्ज करणारा माणूस मी आहे. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगितलं तर वाचताना मी तुम्हाला बरा माणूस वाटेन, आणि तसं वाटू देण्याचा मला हक्क नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. नागावच्या पलीकडे त्यांचं घर, दारात होडी, आणि तरुणपणी कबड्डीत पकड करणारा म्हणून पंचक्रोशीत नाव. त्यांनी कंबर धरलेला गडी सुटून मधल्या रेषेपर्यंत परत गेला असं कुणी सांगत नाही. पण आता त्यांना कबड्डीपटू म्हटलेलं आवडत नाही. जहाजावर नोकरी करणाऱ्या भाच्यानं एकदा त्यांना फोनवर रग्बी लीगचा सामना पाठवला. जाळं विणता विणता त्यांनी तो अकरा वेळा पाहिला आणि जाहीर केलं, "ही आपलीच कबड्डी हाय. परदेशात गेली नि हातात चेंडू घेतलान तिनं." तेव्हापासून या खेळाला नुसतं 'रग्बी' म्हणणाऱ्याची खैर नसे. अलिबागच्या एसटीत एका कंडक्टरानं तो शब्द उच्चारला, तर साडूंनी त्याला पंधरा जणांची रग्बी वेगळी आणि आपली तेरा जणांची रग्बी लीग वेगळी हे समजावून सांगितलं. समजावता समजावता गाडीतल्या उतारूंना उभं करून तेरा जागा दाखवल्या. गाडी दहा मिनिटं उशिरा पोचली, पण तो कंडक्टर आजही त्यांना बघून "तेरा!" असं ओरडून हात करतो.

या खेळात एका संघाला सहा पकडी होईपर्यंत चेंडू ठेवता येतो, सहावी झाली की तो समोरच्याला द्यावा लागतो. म्हणून पाच पकडी पुढे सरकायचं आणि मग चेंडू लांब लाथाडायचा. साडूंनी हा नियम उरलेल्या आयुष्यालाही लावला. बाजारात पाच वेळा भाव करणार, सहाव्यांदा बाई म्हणेल त्या भावाला पापलेट देऊन मोकळे. होडीच्या परवान्यासाठी कचेरीत पाच खेपा घातल्या आणि सहाव्या खेपेला सगळी कागदपत्रं साहेबांच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "आता चेंडू तुमचा." घरात ताईंकडे पाच वेळा चहा मागत, मग मुकाट्यानं स्वतः करत. ताई म्हणायच्या, "म्हणून तर मी पाच वेळा ऐकत नाही!" कुणाच्या घरी बारशाला गेले तरी बाळाचे पाय चाचपून, ही कडेनं पळणारी की मध्ये भिडणारी, हे आईबापांना सांगून येत. आमच्या जावयाला पहिल्या भेटीत त्यांनी मिठी मारली आणि हळूच दोन वीत उचलून पाहिलं. "बरा हाय," एवढंच मला म्हणाले. कौतुक होतं ते.

गावातल्या मुलींचा संघ त्यांनी वाळूवर उभा केला. चेंडू नव्हता तेव्हा असोला, न सोललेला नारळ घेऊन सराव चाले. आकार तोच, आणि छातीशी नीट धरला नाही तर लगेच कळतं, असं त्यांचं म्हणणं. सरावाची वेळ घड्याळावर नसे, ओहोटीवर असे. "उद्या द्वादशी, सव्वातीनला या," असा निरोप जाई आणि मुली बरोबर येत. माझी धाकटी, सानिका, त्यांतलीच. प्रत्येक पकड झाली की ती उठायच्या आधी मान वळवून काकांकडे बघायची. साडू बोलत नसत. पकड चांगली असेल तर एक बोट वर करत, नसेल तर पाऊस येतोय का बघावं तसे आभाळाकडे बघत.

एके दिवशी सानिका पुढचा अर्धा दात मुठीत घेऊन घरी आली आणि हसत होती. मला मात्र तिचं लग्न दिसलं, दाखवायचा कार्यक्रम दिसला, समोर बसलेली माणसं दिसली. मुलीला तोंडावर 'खेळू नकोस' म्हणायची माझी हिंमत नव्हती, साडूंना तर नव्हतीच. मी अलिबागला वकिलांकडे कारकून. मला एकच गोष्ट येते, ती मी केली. 'भरदिवसा किनाऱ्यावर मुलींना वाळूत पाडण्याचे प्रकार चालू असून योग्य ती कार्यवाही व्हावी' असा अर्ज ग्रामपंचायतीला टाइप केला. खाली नाव घातलं नाही. पण पंचवीस वर्षांची सवय, हाताला थांबता आलं नाही. खाली 'प्रत माहितीसाठी सादर' असं लिहून जिल्ह्याच्या एका कचेरीला प्रत पाठवून मोकळा झालो.

ग्रामपंचायतीत अर्ज वाचून सगळे पोट धरून हसले. सरपंचबाई म्हणाल्या, "पाडायचाच खेळ हाय तर काय उचलून धरणार?" आणि त्यांनी स्वतःच्या मुलीला सरावाला पाठवलं. माझा हेतू तिथेच संपला. पुढे सानिका जिल्ह्यात खेळली, राज्यात खेळली, आणि सहा देशांच्या स्पर्धेसाठी भारताच्या मुलींच्या संघात निवडली गेली. निवडणाऱ्यांनी तिला विचारलं की अशी पकड तुला कुणी शिकवली. तिनं काकांचं नाव सांगितलं. साडूंना बोलावून त्यांची पकड बघितली, आणि संघाचे साहाय्यक म्हणून त्यांनाही परदेशी न्यायचं ठरलं. त्यांचा पासपोर्ट आला त्या दिवशी तो त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला आणि ताईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

मग परदेशी जाण्यासाठी साडूंचा ना हरकत दाखला मागितला गेला, आणि जिल्ह्याच्या कचेरीतून माझी ती प्रत वर आली. चौकशी प्रलंबित. साडू कागद घेऊन माझ्याकडेच आले. दुसऱ्या कुणाकडे जाणार? "साडू, तुझं लिखाण झ्याक हाय, कुणा शहाण्यानं केलेल्या या अर्जाला उत्तर लिही." माझ्याच अर्जाला मी उत्तर लिहिलं, मुद्देसूद, आणि माझेच मुद्दे खोडून काढले. साडू खूश झाले. पण कचेरीतले साहेब म्हणाले, उत्तर ठीक आहे, चौकशीला दोन महिने लागतील. अर्जदार स्वतः येऊन मागे घेतो म्हणाला तर आजच्या आज निकाली काढतो. साडूंनी हे मला हसत सांगितलं. "आता तो निनावी बाबा कुठून आणू?"

तो बाबा समोर बसून भजी खात होता. अर्ज मागे घ्यायला नाव लागतं. माझ्याकडे नऊ दिवस होते. दोनदा त्या कचेरीच्या जिन्यापर्यंत गेलो आणि दोनदा पानटपरीवरून परत आलो. दहाव्या दिवशी विमान गेलं. त्यात सानिका होती, साडू नव्हते.

अंतिम सामना आपल्याकडच्या दुपारी होता. साडूंच्या ओटीवर टीव्ही मांडला, अर्धं गाव अंगणात. साडू बसले नाहीत. खांब धरून उभे राहिले आणि पकडी मोजत होते. "एक... दोन... अगं खाली धर, खाली!" सहाच मिनिटं उरलेली आणि गुण बारा-बारा. समोरचा संघ आपल्या रेषेपाशी येऊन थडकलेला. त्यांची एक दांडगी मुलगी चेंडू घेऊन रेषेच्या आत पडलीच. चेंडू जमिनीला टेकला असता तर चार गुण आणि सगळं संपलं असतं. पण तिच्या खाली सानिका होती. दोन्ही हात तिच्या कमरेला घालून तिनं तिला अशी फिरवली की चेंडू सानिकाच्याच पोटावर राहिला, जमिनीला लागला नाही. पंचांनी नकारार्थी मान हलवली. अंगण उसळलं. ताई रडत होत्या, सरपंचबाई कुणाला तरी बडवत होत्या.

आणि पडद्यावर, मातीत पडल्या पडल्या, सानिकानं मान वळवून मैदानाच्या कडेकडे पाहिलं.

"तिकडं कुणाला बघतेय?" साडू पुटपुटले. "तिकडं कोन न्हाय." मग त्यांनी टीव्हीसमोर एक बोट वर केलं आणि कितीतरी वेळ तसंच धरलं.

शेवटच्या मिनिटाला आपल्या एका मुलीनं चेंडू जमिनीवर टप्पा देऊन दोन खांबांमधून लाथाडला. त्या लाथेचा एकच गुण. तेरा-बारा. आपण जिंकलो. माझी मुलगी झेंडा खांद्यावर घेऊन, अर्धा दात दाखवत हसत होती. त्या दातासाठी मी काय करून बसलो होतो, आणि जगातली सगळी माणसं तो बघत होती. इतका अभिमान मला आयुष्यात कशाचा वाटला नाही, आणि मी साडूंकडे बघायचं टाळत टाळ्या वाजवत होतो.

पेढे वाटून झाल्यावर साडू एकटेच पुळणीवर जाऊन बसले. भरती लागली होती. मी शेजारी टेकलो.

"साडू," ते म्हणाले, "तो अर्जवाला बी आज बघत असंल का रं?"

"बघत होता."

"मग बरं वाटलं असंल त्याला. पोरी जिंकल्या."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"दादा," मी म्हणालो, "अर्ज मी केला होता. मागे घ्यायला जायला हवं होतं तेव्हाही गेलो नाही, भ्यालो. सानिकानं वळून बघितलं तेव्हा तिथे तुम्ही असायला हवे होतात. ते माझ्यामुळे झालं नाही, आणि आता कशानंही भरून येणार नाही. मला माफ करा, दादा."