धनजच्या लाइनीवर नसलेला फॉल्ट

बोर्डावर ट्रंक लाइनचं शटर पडलं, तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. अकोल्याची ऑपरेटर म्हणाली, "अर्जंट कॉल. तुमच्याकडचा तेरा नंबर द्या."

तेरा नंबर म्हणजे बबनभाऊंचं दुकान. पान, विडी, सायकलच्या ट्यूब आणि राज्य लॉटरीची तिकिटं तिथे मिळत. मी कॉर्ड लावली, रिंग दिली. दोघं बोलू लागले.

साल चौऱ्याहत्तर. वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. आमच्या तालुक्याच्या गावचं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे एक खोली, एक लाकडी बोर्ड आणि त्याच्यापुढे एक उंच खुर्ची. बोर्डावर प्रत्येक फोनसाठी पत्र्याचं एक छोटं झाकण होतं. कोणी आपल्या फोनचं हँडल फिरवलं, की ते झाकण खट्‌कन खाली पडे. ते शटर. मग ऑपरेटरने दोरीसारखी कॉर्ड भोकात खुपसून दोघांना जोडून द्यायचं. ट्रंक लाइन, म्हणजे परगावची लाइन, कमजोर असे. मध्येच तुटे. म्हणून ऑपरेटरला मधून मधून कान देऊन बघावं लागे, की दोघांना एकमेकांचं ऐकू येतंय ना. त्यात जे कानावर पडेल, ते कानातच ठेवायचं. नोकरीला लागताना तसं लिहून दिलेलं असे.

मी कान दिला. अकोल्याचा लॉटरी एजंट बोलत होता.

"तुझ्या दुकानातलं तिकीट हाय. पाच हजार. शेवटी सात-तीन-एक-आठ. कोनं नेलं?"

"थांबा, वही पाह्यतो... अरे बाप! आपला लाइनमन. नामदेव."

"सांगितलं त्याले?"

"पागल हाय का? पेपर उद्या बारा वाजता येते. तवापर्यंत तो चहावरसुद्धा देऊन टाकते तिकीट."

"हळू बोल. ऑपरेटर ऐकत असन."

"बाई बोलत नाई. तिले नोकरी पाह्यजे."

मी ऐकायची कळ सोडली.

नामदेवभाऊ मागच्या महिन्यात गेले. त्यांच्या घरी भेटून आल्यापासून हे लिहायला घेतलं आहे. दिवसाला चार-पाच ओळी होतात.

ते आमचे लाइनमन. खांबांवर चढणं, तुटलेल्या तारा जोडणं हे त्यांचं काम. दर महिन्याला ते एक रुपयाचं एक तिकीट घेत. त्याचा नंबर खडूने फॉल्टच्या पाटीच्या कोपऱ्यात लिहीत, आणि सोडत होईपर्यंत रोज एक नवा बेत सांगत. त्या महिन्याचा बेत विमानाने पोहरादेवीला जायचा होता.

"विमान उतरणार कुठे तिथे?" मी विचारलं होतं.

"उतराचं कायले? वरूनच हात जोडाचे अन् वापस."

मी त्यांना एकदा कागदावर हिशोब मांडून दाखवला होता. लाखो तिकिटं, त्यातलं तुमचं एक. त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "हे मले मालूम हाय बाई. पन एका रुपयात महिनाभर दुसरं कोन इतकं हासवते?"

निकाल मात्र ते कधी बघत नसत. सोडतीचा दिवस आला, की त्यांच्या लेखी मजा संपली. त्या दिवशी ते तिकीट कोणालाही देऊन टाकत. हॉटेलवाल्याला चहाच्या बदल्यात, कंडक्टरला, एकदा तर लग्नात आहेर म्हणून. दिलेल्या तिकिटांतलं एकही कधी लागलं नव्हतं. गावात त्याची थट्टा होई. बबनभाऊंना ही सवय ठाऊक होती. मलाही होती. आणि आज सोडतीचा दिवस होता.

साडेबाराला नामदेवभाऊ आत आले, पक्कड टेबलावर ठेवून माठातलं पाणी प्यायले. तिकिटाचं टोक खिशातून डोकावत होतं. पाच हजार म्हणजे त्यांचा दोन वर्षांचा पगार.

मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम. पण उद्या निकाल पेपरात आला, की बबनभाऊ पहिली तक्रार माझीच करणार. मला कसं कळलं, याला उत्तर एकच होतं. आधीच्या वर्षी शेजारच्या तालुक्यातल्या एका ऑपरेटरने असाच एक कॉल बाहेर सांगितला होता. तो घरी बसला. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या.

मग वाटलं, आपणच तिकीट मागून घ्यावं आणि उद्या परत द्यावं. मी पर्स उघडलीसुद्धा. रुपयाला हात लागला आणि तिथेच थांबले. बबनभाऊही हेच करायला निघाले होते. मी परत देणार होते, हे फक्त मला माहीत. आणि उद्यापर्यंत मला तरी ते तसंच ठाऊक राहील का?

"तिकीट जपून ठेवा हो," एवढंच म्हणाले.

"जपाले ते काय नोट हाय?" ते हसले. "चाललो बबनच्या इथं, पान खातो."

मी डॉकेटचं पुस्तक ओढलं. डॉकेट म्हणजे फॉल्टची चिठ्ठी. ती हातात पडली, की लाइनमनने निघायचं. मी लिहिलं: धनज लाइन, खरखर, आवाज अस्पष्ट.

"आत्ताच निघा. पाऊणची धनजची बस मिळेल."

"सकाळी तं साफ होती."

"आता नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पक्कड आणि खांबावरून बोलायचा छोटा फोन पिशवीत टाकला आणि निघाले.

दहा मिनिटांत बबनभाऊ दारात.

"नामदेव कुठं हाय?"

"ड्यूटीवर."

"ड्यूटी कुठं हाय?"

"ते सांगता येत नाही."

"बाई, तुमाले तं काईच सांगता येत नाई!" असं म्हणून ते पाटीपाशी गेले. मी सवयीने पाटीवर 'धनज' लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि धोतर सावरत स्टँडकडे पळाले. पुढची बस दोन वाजताची होती.

त्यानंतरचा तासभर मला नीट आठवत नाही. दोन कॉल मी चुकीच्या नंबरला जोडले. एका डॉक्टरांना जिनिंगचा मॅनेजर दिला. दर पाच मिनिटांनी घड्याळ, मग धनजचं शटर, पुन्हा घड्याळ. दोनच्या सुमारास ते शटर पडलं.

"बाई, लाइन काचेवानी साफ हाय. फॉल्ट कुठं हाय?"

बबनभाऊंची बस आता सुटत असणार. ते धनजच्या स्टँडवर उतरतील, तेव्हा नामदेवभाऊ तिथे नसले म्हणजे झालं.

"गावाबाहेरचे खांब बघून या. एकेक चढून बघा."

"सारे?"

"सगळे."

मग ते म्हणाले, "बरं."

चार वाजून दहा मिनिटांनी पुन्हा शटर पडलं. ते खांबावर चढून, तारेला फोन लावून बोलत होते.

"बाई, गंमत पाहा. खाली बबन हुभा हाय. तिकिटाचे दहा रुपये देतो म्हनते. एका रुपयाचे दहा! ह्याले ऊन लागलं का?"

"देऊ नका."

"काहून?"

मी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"नंबर लागलाय. पाच हजार. मी बारा वाजता ऐकलं."

खांबावर वारा होता. माझं त्यांना ऐकू गेलं की नाही, कळेना.

"नामदेवभाऊ?"

"बाई, ते तं देऊन टाकलं."

"कोणाला?"

"मागच्या खांबापाशी शांताबाई कापूस वेचून राह्यली होती. पाच खांब चढून घसा सुकला होता. तिनं पानी देल्लं, अर्धी भाकर देल्ली. माह्यापाशी दुसरं काय होतं?"

त्या खांबांवर त्यांना मीच चढवलं होतं.

पुढचं मला मागाहून शांताबाईकडून आणि इतरांकडून कळलं. ते खाली उतरले आणि बबनभाऊंना म्हणाले, तिकीट एक्स्चेंजच्या टेबलावर राहिलं. बबनभाऊ परतीची बस धरायला धावले. नामदेवभाऊ शेतात गेले. तिकीट तिने पदराच्या गाठीत बांधलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. एक रुपया देऊन ते परत मागितलं असतं, तर तिने हसून सोडून दिलं असतं. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, की उद्यापर्यंत ही गाठ कोणापुढे सोडू नको, आणि परवा नवऱ्याला घेऊन माझ्याकडे ये, कचेरीत कुठे जायचं ते मी दाखवतो. पाच हजार पुढे तिलाच मिळाले.

संध्याकाळी ते आले. "तुमचे पैसे माझ्यामुळे गेले," मी म्हणाले.

"माहे कवा होते?" ते म्हणाले. पण नेहमीसारखे हसले नाहीत. पाटीवरचा नंबर त्यांनी पंजाने पुसला, पक्कड जागेवर ठेवली आणि घरी गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी तिकीट घेतलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात घेतलं. त्यांच्या बायकोने मात्र वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्यात काही चूक वाटली नाही.

तक्रार व्हायची ती झाली. पंधरा दिवसांनी अकोल्याहून इन्स्पेक्टर आले. आरोप दोन: ट्रंक कॉलमधलं बोलणं फोडलं, आणि फॉल्ट नसताना डॉकेट फाडलं. मी कबूल करायचं ठरवून बसले होते. त्यांनी आधी नामदेवभाऊंना बोलावलं.

"त्या दिवशी बाई फोनवर तुम्हाला काय म्हणाल्या?"

"काय मालूम साहेब. काईच आयकू येत नव्हतं. लाइनीत लय खरखर होती."

"म्हणजे फॉल्ट होता?"

"नसता तं बाई मले धाडतीन कायले? पाच खांब चढलो. सहाव्यावर जोड ढिला होता, आवळला. आता साफ हाय."

"आणि हा बबन म्हणतो..."

"साहेब, तो एका रुपयाच्या तिकिटाचे दहा देत होता. त्याचं तुमी काय आयकता?"

इन्स्पेक्टरांनी फाइल बंद केली. चैत्रात माझी नोकरी कायम झाली. पुढे अठ्ठावीस वर्षं मी याच खात्यात होते. त्या दिवसाबद्दल नामदेवभाऊ माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही.

नंतर नवीन मुली ऑपरेटर म्हणून येत. त्यांना शिकवताना मी नियम जसाच्या तसा सांगायचे: ऐकलेलं कानात ठेवायचं. माझा स्वतःचा हिशोब मात्र निराळा आहे. तो नियम मी शेवटी मोडलाच. बारा वाजता मोडला असता, तरी धोका तेवढाच होता. मी तो चार तास उशिरा मोडला, आणि त्या चार तासांची किंमत मला द्यावी लागली नाही.