कळशीची धार आणि ह्यांचं ऑपरेशन

ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी मी ह्यांना खाटेवरून पाय खाली टाकू दिला नाही. वर तोरा असा, जणू टाके मीच घातलेत. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि रेणापूरहून आलेली मी स्वतःला कलेक्टरीणबाई समजत होते.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पाठीत दिलेली भूल उतरून पायांत जीव आला की धरून उठवा, लघवी लवकर झाली पाहिजे. तुंबली तर नळी घालावी लागेल. नळीचं नाव ऐकूनच ह्यांचा चेहरा पडला. पण माझ्या डोक्यात एकच, उभं राहिलं की टाके उसवतात, गोधडीचे उसवतात तसे. म्हणून भांडं खाटेवरच दिलं. आणि भोवती कोण? सासूबाई, नणंदा, टेम्पो करून भेटायला आलेली सगळी भावकी. आजारी माणसाला एकटं सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी घटकाघटकाला मोठ्यानं विचारायची, "झाली का हो?" की भावकी माना पुढे करायची. बिचारे लाजून भिंतीकडे तोंड करून पडले. ऊन कललं, ओटीपोट टणक झालं, कपाळाला घाम फुटला.

सिस्टर नळी घेऊनच आल्या. खोलीतली जत्रा बघून त्यांनी नळी बाजूला ठेवली, सगळ्यांना व्हरांड्यात काढलं आणि म्हणाल्या, आधी उभं करून बघू. दोघींनी दोन बाजूंनी धरलं. टाके जागच्या जागी राहिले. मोरीत नेऊन त्यांनी नळ सोडला. पाण्याच्या आवाजानं मोकळं होतं म्हणे. नळ नुसता फुसफुसला. त्या साली दुष्काळ, नळाला पाणी कुठलं?

मग मी आमची प्यायच्या पाण्याची कळशी आणली, मोरीच्या दाराशी बसले आणि पातेल्यात धार धरली. पातेलं भरलं की तेच पाणी परत कळशीत, एक थेंब न सांडता. सिस्टर तोंडाला पदर लावून हसत होत्या. हात दुखायला लागले तेव्हा कुठे आतून दुसरी धार ऐकू आली. ती थांबायचं नावच घेईना. पोरं झाली तेव्हाही मी एवढी हरखले नव्हते.

पातेलं हातात तसंच घेऊन मी व्हरांड्यात पळाले आणि सगळ्यांना सांगितलं. भावकीत हशा पिकला. सासूबाई तेवढ्या पातेल्याकडे बघत म्हणाल्या, "झालं न्हवं? मग त्ये पाणी सांडू नको. एवढी मान्सं आल्यात, च्या ठेव."