फाटका घालून ये

"जा, घरी जाऊन फाटका शर्ट घालून ये."

मी पाचवीत होतो. पंधरा ऑगस्ट. झेंडावंदन झालं होतं आणि गणवेश वाटपासाठी आम्हाला स्टेजच्या बाजूला उभं केलं होतं. आम्ही सात जण. सातही बौद्धपुऱ्यातले. मुख्याध्यापक सर रांगेवरून नजर फिरवत आले आणि माझ्यापाशी थांबले. माझ्या अंगावर नवा शर्ट होता. आईनं निंदणाच्या मजुरीतून अनसिंगच्या बाजारातून आणलेला. झेंड्याला पोरगं नीट दिसावं म्हणून.

सरांनी कॉलर दोन बोटांत धरली.

"हा कायले घातला? पाहुण्यायनं काय पाह्यचं मंग?"

मागे उभा असलेला एक शिक्षक हसला. "साहेब झाला ना तो, सर."

मी घरी पळालो. आईनं विचारलं, "काहून आला रे?" मी सांगितलं. तिनं नवा शर्ट माझ्या अंगातून काढला, घडी करून ठेवला. खुंटीवरचा जुना दिला, काखेत उसवलेला. मग म्हणाली, "जाय. उशीर होईल."

स्टेजवर सरांनी तो शर्ट स्वतःच्या हातानं काढला. बरगड्या दिसणारं माझं उघडं अंग दंड धरून लोकांकडे वळवलं. माईकवर म्हणाले, "या लेकरायले वर आणाचं हाय आपल्याले." टाळ्या. फोटो. मग गणवेश चढवला.

शाळेत फाटके शर्ट बरेच होते. वरच्या गल्लीतल्या पोरांचेही. त्यांना स्टेजवर कुणी उघडं केलं नाही. त्यांचे गणवेश त्यांना ऑफिसात बोलावून दिले.

सरांबद्दल मी खोटं लिहिणार नाही. मी हिशेब तपासणारा माणूस आहे, कुणाची जमा खोडत नाही. शाळा त्यांनी टिनाच्या शेडमध्ये सुरू केली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं मागे राहून शिकावीत म्हणून वसतिगृह काढलं आणि त्यासाठी गावोगाव फिरून ज्वारी मागितली. दहावीआधी एखाद्या मुलीचं लग्न ठरलं की सर त्या घरी जाऊन बसायचे, लग्न लांबल्याशिवाय उठायचे नाहीत. मला गणित त्यांनीच शिकवलं आणि उत्तम शिकवलं. हे सगळं खरं आहे. म्हणूनच इतकी वर्षं माझं तोंड बंद राहिलं. एकदा चुलतभावापाशी विषय काढला तर तो म्हणाला, "सरायच्या विरोधात? तू? येडा झाला काय?"

यंदा सर पंचाहत्तरीचे झाले. गावात मोठा सत्कार ठरला, त्यात सायकल वाटप. मी गावातूनच वाशिमला नोकरीला ये-जा करतो. मुलगी त्याच शाळेत आठवीत आहे. एका शिक्षकाचा फोन आला.

"भाऊ, सायकल वाटपात तुमच्या पोरीचं नाव टाकलं. सरायचीच इच्छा हाय. तुमी पयली पिढी, ते दुसरी. भाषण तुमचं."

"तिच्यापाशी सायकल हाय, सर."

"असू द्या ना! अन् भाऊ, तिले जरा साधेसुधे कपडे घालून आणा. तो जीन्स-बिन्स नको. फोटोत बरं दिसत नाई."

मी फोन ठेवला. मोरीत जाऊन थुंकलो. मुलीनं बोलणं ऐकलं होतं.

"बाबा, माही सायकल तं चांगली हाय. मंग दुसरी कायले?"

त्यांना आपली गरिबी पाहिजे, आणि आपल्या घरात ती उरली नाही म्हणून कपड्यांसारखी तुझ्या अंगावर चढवायची आहे, हे आठवीतल्या मुलीला कसं सांगायचं?

त्याच संध्याकाळी सरांच्या घरी गेलो. बैठकीच्या भिंतीवर मंत्री, सत्कार, शाली. आणि त्यांच्यामध्ये, काचेच्या फ्रेममध्ये, मी. उघडा. माझा दंड सरांच्या मुठीत. या घरात चहा प्यायलेल्या प्रत्येक पाहुण्यानं मला तसं पाहिलं होतं.

सर खूश होऊन म्हणाले, "ओळखलं काय? काडीसारखा होता तू. शर्ट देला मी तुले."

"सर, शर्ट माह्या अंगावर होता. नवा. तुमी बदलाले लावला."

त्यांना आठवतच नव्हतं. मग हसले.

"अरे, लोकायले दाखवा लागते. दिसलं नाई तं देणगी कोण देते? तुमच्या लोकायसाठीच तं केलं."

"वरच्या गल्लीतल्या पोरायले ऑफिसात देत होते तुमी."

"त्यायच्या बापायले इज्जत हाय ना बाबा गावात."

आवाजात राग नव्हता. फळ्यावरची बेरीज समजावून सांगावी तसं सांगितलं. मला किळस आली. त्या शालींची, समोर ठेवलेल्या चहाची, इतकी वर्षं या माणसासमोर वाकलेल्या माझ्या मानेची.

मी उठलो. "माही पोरगी येणार नाई. मी बी भाषण करणार नाई. अन् हा फोटो उतरवा."

"उतरवला तं भिंत उघडी दिसन."

मी खुर्चीवर चढलो आणि फोटो भिंतीवरून उतरवला. सर ओरडले, "उपकार विसरला तू!"

"गणित शिकवलं, ते नाई विसरलो सर. हे बी नाई विसरत."

दुसऱ्या दिवशी बौद्धपुऱ्यातले दोघे-तिघे घरी आले. सर चिडून सायकल वाटपच थांबवतील, या काळजीनं आले होते. "भाऊ, तुमच्या पोरीपाशी सायकल हाय. आमच्या पोरायच्या सायकली काहून बंद करता?"

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. शाळेची नवी इमारत गावाबाहेर आहे, मुलांना रोज लांबवर चालत जावं लागतं. सायकली मिळाल्याच पाहिजेत. मी त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो. शाळेनं सायकल मुलाच्या बापाच्या हातात द्यावी, त्याला खुर्चीवर बसवून, नाव घेऊन. शाळेला हे लेखी दिलं आहे. कार्यक्रमाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसणार आहे. एकाही लेकराची लाचारी दाखवायला त्याला उभं केलं, तर मी स्टेजवर चढून त्याला खाली आणीन. सरांसमोर. सगळ्या गावासमोर.