परांचीवरची उडी

परांची बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. इमारत उठायची तर आधी तिच्याभोवती बांबू आणि काथ्याच्या दोरीचा सांगाडा उभा राहायचा, तो त्याच्याच हातचा. गवंडी त्याला गाठोबा म्हणत. त्या काळी कामावर डोक्याला टोपी नसे, कमरेला पट्टा नसे, खाली जाळी नसे. रिवाज एकच: बांधणाऱ्याने सगळ्यांदेखत फळीवर उड्या मारायच्या, मग इतरांनी चढायचं. गाठोबा अशा दणादण उड्या मारी, की खालून कोणीतरी ओरडे, "अरे, नाचायला नाही ठेवलंय तुला!"

बायकोला संशय आला तो कपडे धुताना. इतकी वर्षं त्याच्या सदऱ्यात नव्या दोरीची पिवळी कुसळं अडकायची. वेचता वेचता तिची बोटं हुळहुळायची. हल्ली कुसळं नव्हती. शिवणीत काळसर भुगा मात्र होता. जेवताना तो मानही वर करत नव्हता. हा कामावर जातो तरी का, की भलतीकडेच कुठे?

तिचा धाकटा भाऊ त्याच इमारतीवर गवंडी होता. भाजी चिरताना तिने सहज विचारल्यासारखं केलं. "काय रे, दाजी हल्ली उड्या मारतात का?"

"छे! गुडघा दुखतो म्हणे. नुसतं म्हणतात, चढा."

विळीवरचा तिचा हात थांबला. गुडघा दुखला असता तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

संध्याकाळी तिने भुग्याची चिमूट त्याच्या नाकासमोर धरली. "हे काय?"

"धूळ."

"धुळीला काथ्याचा वास येतो?"

तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "मुकादम जुनी दोरी देतो. भिजवून आवळली की धरते."

"धरते ना? मग उडी का मारत नाही?"

त्याने ताट सरकवलं.

सकाळी ती त्याच्या मागोमाग कामावर गेली. भाऊ थापी घेऊन शिडी चढतच होता. तिने त्याचा सदरा धरला. "थांब. आधी दाजी उडी मारतील."

"गाठोबा, घरचा मुकादम आला!" गवंडी खिदळले. खरा मुकादम हसला नाही.

गाठोबा चढला. फळीवर उभा राहिला, पायांकडे बघत. मग हळूच बाजूच्या बांबूला मिठी मारून बसला आणि कोयता काढला. "सगळे लांब व्हा रे!" त्याने दोरी कापली. फळी धाडकन खाली आदळली.

"उद्यापासून तोंड दाखवू नकोस!" मुकादम किंचाळला.

परतताना गाठोबा पुढे चालत होता. सोबत निघालेला भाऊ म्हणाला, "ताई, दाजींनी जीव वाचवला गं माझा."

तिने भावाकडे बघितलं. रोज सकाळी तो 'चढा' म्हणत होता, तेव्हा चढणाऱ्यांत हा भाऊही होताच की. नवऱ्याच्या पाठीकडे बघत ती चालत राहिली. तो मागे वळून बघेल म्हणून.

त्याने बघितलं नाही.